जुन्या नगाऱ्याचे नवे कडे

श्री ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या श्रमदानाने आणि देणगीदारांच्या उदार हस्ते पूर्ण झाला. नव्या सभामंडपाचे, शिखराचे आणि दीपमाळेचे वर्णन या स्मरणिकेत अन्यत्र आलेलेच आहे. सदर लेखाचा विषय मंदिरातील एका जुन्या वस्तूचा आहे. ती वस्तू म्हणजे सभामंडपाच्या डाव्या अंगास तिवईवर ठेवलेला तांब्याचा नगारा.

सभामंडपाचे जुने छप्पर उतरविताना माळ्यावर गोणपाटाखाली हा नगारा सापडला. त्याचे पान उंदरांनी कुरतडलेले होते. काठावरचे लोखंडी कडे दोन ठिकाणी गंजून तुटले होते. तळाचे कडे मुळीच नव्हते. त्याच्या जागी कोणीतरी सुंभाचा वेढा बांधला होता. उचलण्याच्या दोन कड्यांपैकी एकच शिल्लक होती, आणि काठाजवळ तांब्याला बोटभर चीर गेली होती. या नगाऱ्याचे काय करावे यावर ग्रामस्थांत बराच खल झाला. तो खल समजण्यासाठी नगारा हे वाद्य कोठून आले, कोठे कोठे गेले आणि जगात इतरत्र जुन्या वाद्यांची दुरुस्ती कशी होते, हे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल.

वाद्याचे मूळ

चामड्याने मढविलेल्या वाद्यांना आपल्या शास्त्रात 'अवनद्ध' वाद्ये म्हणतात. वेदांत दुंदुभीचा उल्लेख आहे. महाव्रत नावाच्या यज्ञविधीत तर जमिनीत खड्डा खणून त्यावर चामडे ताणीत व ते वाजवीत. त्यास भूमिदुंदुभी असे नाव होते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात स्वाती मुनींची कथा आहे. तळ्यातील कमळाच्या लहानमोठ्या पानांवर पावसाचे थेंब पडले, त्यांचे निरनिराळे नाद मुनींनी ऐकले, आणि त्यावरून पुष्कर वाद्ये घडविली गेली.

'नगारा' हा शब्द मात्र अरबी 'नक्कारा' या शब्दावरून आलेला आहे. मोगल दरबारात नक्कारखाना हे राजवैभवाचे चिन्ह होते. अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी'त त्याची तपशीलवार नोंद केली आहे. दमाम्याच्या सुमारे १८ जोड्या, नगाऱ्याच्या सुमारे २० जोड्या आणि त्याखेरीज ढोल, कर्णे, सनया, शिंगे व झांजा असा तो सरंजाम होता. खुद्द अकबर बादशहाचा नगाऱ्यावर चांगला हात होता, असेही अबुल फजल लिहितो.

मराठी राज्यातही हा मान चालत आला. रायगडावर १६७४ मध्ये जेथे छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या सिंहासनाच्या समोरच नगारखान्याचे भव्य प्रवेशद्वार आजही उभे आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याला १८२८ मध्ये आग लागून आतील महाल जळाले. परंतु दिल्ली दरवाजा व त्यावरील नगारखाना शिल्लक राहिला. ज्या सरदाराची कामगिरी मोठी, त्याला पालखीबरोबर चौघड्याचा मान मिळे.

चौघडा आणि देवस्थान

राजाच्या दारी जे वैभव, ते देवाच्या दारीही हवे, या भावनेने नगारा मंदिरात आला. पहाटे देव जागा करताना, नैवेद्याच्या वेळी, सायंकाळच्या आरतीस आणि शेजारतीस नगारा वाजू लागला. घड्याळ नसलेल्या काळात गावाला वेळ कळण्याचे साधनही तेच होते. शेतात औत धरणारा माणूस दुपारचा नगारा ऐकून बैल सोडी.

हा खर्च चालावा म्हणून जुन्या सनदांत तरतुदी असत. देवस्थान इनामांच्या कागदांत पूजाअर्चा, नंदादीप, नैवेद्य यांच्या जोडीने चौघड्याचाही खर्च मांडलेला आढळतो. इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने अशा सनदांची तपासणी केली. पूजेप्रमाणे वाद्य वाजविणे हीही देवाची नेमून दिलेली सेवा आहे, हे या जुन्या कागदांवरून स्पष्ट होते.

काशी विश्वनाथाचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. आज दिसणारे मंदिर पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी १७८० मध्ये पूर्ण केले. त्यानंतर १७८५ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज या इंग्रज गव्हर्नर जनरलच्या सूचनेवरून इब्राहिम खान या अधिकाऱ्याने मंदिरासमोर नौबतखाना बांधविला. मंदिर मराठी राणीचे, हुकूम इंग्रजाचा, देखरेख मुसलमान अधिकाऱ्याची आणि नौबत विश्वनाथाची, असा तो योग होता.

नगारा सातासमुद्रापार

नगारा जसा हिंदुस्थानात आला तसाच तो पश्चिमेकडेही गेला. धर्मयुद्धांच्या काळात युरोपातील सैनिकांनी अरबांचे नक्कारे पाहिले आणि तेराव्या शतकाच्या सुमारास त्यांच्या लहान जोड्या युरोपात वाजू लागल्या. इंग्रजी भाषेत त्यांना 'नेकर्स' म्हणत. नक्कारा हा मूळ शब्दच थोडा घासला गेला. पुढे १४५७ मध्ये हंगेरीच्या राजाचे वकील फ्रान्समध्ये आले, तेव्हा घोड्यांवर लादलेले मोठे नगारे पाहून तेथील लोक चकित झाले.

आपल्याकडे पान ताणण्यासाठी चामड्याची वादी काठापासून तळाच्या कड्यापर्यंत ओवून घेतात. युरोपच्या थंड व दमट हवेत वादी सैल पडे. म्हणून तेथील कारागिरांनी काठावर लोखंडी कडे बसवून ते स्क्रूंनी खाली ओढण्याची युक्ती काढली. सेबास्तियन व्हिर्डुंग यांच्या १५११ च्या जर्मन ग्रंथात अशा स्क्रूच्या नगाऱ्याचे चित्र आहे. हीच युक्ती पुढे दोन्ही तोंडे मढविलेल्या पलटणी ढोलांना लागली. इंग्रजी पलटणींबरोबर ते ढोल आपल्याकडे आले आणि लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या बँडपथकांत मिसळून गेले. उत्तर प्रदेशातील मेरठ शहरातील जली कोठी हा भाग अशा बँडच्या वाद्यांच्या कारखानदारीसाठी प्रसिद्ध आहे. तात्पर्य, वादी लावून गेलेला नगारा स्क्रू लावून परत आला.

अमेरिकेतील जुने ढोल आणि नकलेचे भाग

अमेरिकेत विसाव्या शतकात ढोलांचे मोठे कारखाने निघाले. ब्रुकलिन येथे फ्रेडरिक ग्रेच यांनी १८८३ मध्ये दुकान थाटले. शिकागोत लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये आपला धंदा सुरू केला. स्लिंगरलँड ही शिकागोचीच दुसरी मोठी कंपनी. या ढोलांचे खोड लाकडाचे किंवा पितळेचे असे. खोडावर धातूच्या लहान बैठका बसवीत आणि त्या बैठकांत स्क्रू फिरवून काठाचे कडे घट्ट करीत. १९५७ च्या सुमारास चामड्याऐवजी प्लॅस्टिकचे पान आले, तेव्हापासून पावसाळी हवेत पान सैल पडण्याची तक्रार तेथे संपली.

दुसऱ्या महायुद्धात तोफा व विमानांसाठी धातू हवा होता. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने वाद्यांतील धातू वजनाच्या दहा टक्क्यांवर आणला. तेव्हा ढोलाच्या कारखान्यांनी स्क्रूच्या बैठकाही लाकडाच्या केल्या. त्या बैठका ताण सोसेनात; पुष्कळ फुटल्या. त्या अगोदरच्या व नंतरच्या पुष्कळ बैठका साच्यात ओतलेल्या जस्ताच्या मिश्रणाच्या होत्या. दिसायला त्या पितळेसारख्याच मजबूत. परंतु मिश्रणात शिशाचा थोडा जरी भेसळीचा अंश राहिला, तर वीस-तीस वर्षांनी धातू आतून फुगतो, त्यास तडे जातात आणि तो भुगा होऊ लागतो. वरून मुलामा चकचकीत आणि आतून पोखरलेले, अशी त्यांची अवस्था होते.

अशा रीतीने खोड उत्तम आणि बैठका फुटलेल्या असे शेकडो ढोल अडगळीत पडले. कारखाने हातोहात विकले गेले. स्लिंगरलँडचे नाव १९८६ नंतर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. मूळ सुटे भाग मिळेनात. तेव्हा तेथील कारागिरांनी जुन्या नमुन्याबरहुकूम नवे भाग घडविण्यास सुरुवात केली. एक चांगली बैठक निवडायची, तिचा साचा घ्यायचा आणि तशीच नवी ओतायची. या नकलेच्या भागांमुळे कित्येक जुने ढोल पुन्हा वाजू लागले.

परंतु या कामात फसगतही पुष्कळ होते, आणि म्हणून जाणत्या कारागिरांनी काही नियम पाळले. ते कोणत्याही जीर्णोद्धारास लागू पडतील असे आहेत.

पहिला नियम मापाचा. अमेरिकेतील ढोलाच्या स्क्रूला इंचात २४ आटे असतात. युरोपातील काही स्क्रू मिलिमीटरच्या मापाचे असतात. नजरेला दोन्ही सारखेच वाटतात. चुकीचा स्क्रू जबरीने फिरवला की जुन्या बैठकीचे आटे कायमचे जातात. नवा भाग जुन्याला जुळवून घ्यावा, जुना भाग नव्यासाठी मोडू नये, असा याचा अर्थ.

दुसरा नियम भोकाचा. नव्या बैठकीची भोके जुन्या भोकांशी जुळत नसतील, तर बैठक बदलावी; खोडाला नवे भोक पाडू नये. स्क्रू, कडे, पान ही सर्व बदलता येतात. खोडाला पाडलेले भोक बुजविले तरी तेथे खूण राहतेच.

तिसरा नियम चकाकीचा. जुन्या भागांवर निकेलचा मुलामा असे, त्याला किंचित पिवळसर झाक असते. नव्यांवर क्रोमियमचा निळसर झगमगाट असतो. एकाच ढोलावर दोन्ही मिसळले की डोळ्यांना खटकते. म्हणून सर्व जुने भाग काढून टाकून सर्व नवे लावण्याचा मोह होतो. जाणता माणूस तो मोह आवरतो. जे चालते ते ठेवतो आणि जे मोडले तेवढेच बदलतो.

चौथा नियम प्रामाणिकपणाचा. नकलेचा भाग नकलेचा म्हणून सांगावा आणि काढलेला जुना भाग पिशवीत घालून ढोलाबरोबर जपून ठेवावा. नकल करण्यात पाप नाही. नकल अस्सल म्हणून विकण्यात आहे.

शास्त्र काय सांगते

हे नियम दूरच्या देशातले म्हणून परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या अग्निपुराणात जीर्णोद्धारविधीचा स्वतंत्र अध्याय आहे. जीर्ण मूर्तीच्या जागी नवी बसविताना ती त्याच द्रव्याची आणि त्याच मापाची असावी, असे त्यात सांगितले आहे. विहिरी, तळी इत्यादींच्या जीर्णोद्धाराचे फळ मोठे आहे, असेही तेथेच म्हटले आहे. १९६४ मध्ये इटलीतील व्हेनिस शहरी जगभरच्या तज्ज्ञांनी जुन्या वास्तूंच्या रक्षणाची सनद तयार केली. गहाळ भागाच्या जागी बसविलेला नवा भाग एकूण रूपाशी जुळणारा असावा, पण पाहणाऱ्यास तो नवा म्हणून ओळखताही यावा, असे तिचे एक कलम आहे. पुराण माप जपण्यास सांगते, सनद खरेपणा जपण्यास सांगते. जीर्णोद्धारास दोन्ही हवेत.

गावच्या नगाऱ्याची दुरुस्ती

आता गावच्या नगाऱ्याकडे वळू. ग्रामस्थांत तीन मते पडली होती. पहिले मत असे की, तांब्याला मोडीत चांगला भाव आहे. नगारा विकावा आणि विजेवर चालणारा नगारा घ्यावा. एका देणगीदारांनी तसे यंत्र देण्याची तयारीही दाखविली होती. या यंत्रात मोटारीच्या जोरावर नगारा, घंटा व झांजा एकदम वाजतात. बटण दाबले की काम होते. आरतीला वाजविणारे हात कमी पडू लागल्यामुळे अनेक गावांनी अशी यंत्रे घेतली आहेत, हे खरे आहे.

दुसरे मत असे की, तालुक्याच्या कारखान्यात तांब्याला काठाशी आठ भोके पाडावीत आणि बँडच्या ढोलाप्रमाणे नट-बोल्ट बसवावेत, म्हणजे पान ताणण्याची कटकट मिटेल. तिसरे मत, नगारा पूर्वी होता तसाच करावा.

सभेत वयस्कर मंडळींनी एक साधा प्रश्न विचारला. वीज गेली की आरती थांबवायची काय? त्यावर हशा पिकला, पण प्रश्न सर्वांना पटला. बोल्टबाबत तांबटकाम जाणणाऱ्या कारागिराने सांगितले की, भांडे ठोकून घडविलेले आहे, काठाजवळ पत्रा पातळ आहे आणि एक चीर आधीच गेली आहे. तेथे आठ भोके पाडली तर ताण पडताच चीर भोकाभोकांतून धावेल. अखेर तिसऱ्या मतावर एकमत झाले. यंत्र देऊ करणाऱ्या देणगीदारांनी आपण होऊन ती रक्कम नगाऱ्याच्या दुरुस्तीकडे व सागवानी तिवईकडे वळविली, हे येथे कृतज्ञतेने नमूद करणे जरूर आहे.

काम पुढीलप्रमाणे झाले. चीर पुढे धावू नये म्हणून आतून तांब्याची पट्टी लावून डाग दिला. खोक पडलेल्या जागा लाकडी ठोकणीने आतून हलके उचलून घेतल्या. त्यावरचे जुने मठारकाम घासून काढले नाही. काठाचे कडे गावच्या लोहाराने जुन्या तुकड्यांवर माप धरून घडविले, त्याच जाडीचे. तळाचे कडे हरवलेले होते, परंतु वर्षानुवर्षे कडे घासून तांब्यावर त्याची रेघ उमटलेली होती. त्या रेघेवरून घेर काढला. उचलण्याची एक कडी शिल्लक होती, तिच्याबरहुकूम दुसरी केली. तांब्याला लोखंड टेकून ओल धरली की लोखंड लवकर गंजते; म्हणून नव्या कड्याखाली चामड्याची पट्टी घातली. जुने कडे अशाच गंजाने गेले होते. नव्या प्रत्येक भागावर आतल्या बाजूस जीर्णोद्धाराचे साल ठोकले आहे.

ज्या हातांनी पान ताणले

पान चढविण्याचे काम चर्मकार समाजातील एका वृद्ध कारागिरांनी केले. कातडे भिजविणे, केस काढून साफ करणे, ओले असतानाच भांड्यावर घेणे, वादी ओवून सर्व बाजूंनी सारखी ओढणे आणि सावलीत वाळविणे, हे काम घाईचे नाही. एका बाजूची वादी जास्त ओढली गेली की आवाज फाटतो. त्यांनी चार दिवसांत तीन वेळा वादी सोडून पुन्हा ओढली.

त्या वेळी त्यांनी वडिलांकडून ऐकलेली हकीकत सांगितली. पूर्वी पान चढविले की त्यांचे वडील नगारा देवळाच्या पायरीशी आणून ठेवीत आणि बाजूला उभे राहत. दुसरे कोणी येऊन तो आत नेई. नगाऱ्याचा पहिला ठोका वडील बाहेरूनच ऐकत आणि पान बरोबर बसले की नाही हे तेवढ्यावरून ओळखत.

ही गोष्ट एका गावची नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षे चालला. तरी दरवाजा उघडला नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले, तेव्हा ते मंदिर सर्वांस खुले झाले. १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ज्या चामड्याच्या आवाजाने देव जागा होई, ते चामडे ताणणारा माणूस मात्र उंबऱ्याबाहेर, ही चूक किती पिढ्या चालली याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही. तिची दुरुस्ती नवे कडे घडविण्याइतकी सोपी नव्हती.

कलशारोहणाच्या दिवशी ग्रामस्थांनी त्या वृद्ध कारागिरांनाच नगारा आत नेण्याची विनंती केली. त्यांनी व त्यांच्या नातवाने दोन्ही कड्या धरून तो सभामंडपात आणला. एक कडी जुनी होती, एक नवी. पहिला ठोका त्यांनीच टाकला, क्षणभर कान देऊन ऐकले आणि "बसलंय" एवढेच म्हणाले. त्यानंतर आरतीस सुरुवात झाली.

पुढील व्यवस्था

मंदिराच्या जडसंग्रह नोंदवहीत नगाऱ्याची नोंद आता येणेप्रमाणे आहे : तांब्याचे भांडे, जुने, एक, उचलण्याची कडी, जुनी, एक, काठाचे कडे, तळाचे कडे, दुसरी कडी, पान व वादी, नवी. काढलेले जुने कड्याचे तुकडे फडक्यात बांधून कपाटात ठेवले आहेत. त्यांचीही नोंद आहे. पन्नास वर्षांनी जे कोणी दुरुस्तीस घेतील, त्यांना नवे कोणते व जुने कोणते हे विचारत हिंडावे लागू नये.

पावसाळ्यात पान सैल पडते, तेव्हा वाजविण्यापूर्वी निखाऱ्याचा दुरून शेक द्यावा. जाळाशी धरू नये. नगाऱ्यावर पाणी, तेल, गुलाल पडू देऊ नये. महत्त्वाचे म्हणजे नगारा रोज वाजवावा. न वाजलेला नगाराच माळ्यावर जातो आणि गोणपाटाखाली हरवतो. गावातील तरुणांनी पाळी लावून सकाळ-सायंकाळ ही सेवा करावी, अशी सर्व ग्रामस्थांस नम्र विनंती आहे.